नांग्यांचा नकाशा

मोताळ्याहून धामणगाव बढ्याकडं जाताना रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस दिसायला लागला की मी समजते, वेचणी सुरू झाली. बाभळीला कापूस लागत नाही हे मला कळतं. गणिताची बाई असले तरी शेतकऱ्याचीच लेक आहे. ठासून भरलेले टेम्पो जातात, त्यातून पुंजके निघतात आणि काट्यांत अडकून राहतात. मी मेहकरला कॉलेजात शिकवते. महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं गावाकडं येते. बाकीचे प्रवासी माना टाकून डुलक्या घेत असतात आणि मी खिडकीतून ते पुंजके बघत बसते. ते वाऱ्यानं हलतात, पण आवाज करत नाहीत. ज्वारी सळसळते, तूर खुळखुळते, सोयाबीन उन्हात तडतडतं. कापूस मात्र गप्प असतो, आणि मला लहानपणापासून त्याची याच गोष्टीसाठी भीती वाटत आली आहे.

आमच्याकडं कापूस घरात भरतात. बाहेरगावच्या मैत्रिणींना सांगितलं की त्या हसायच्या, म्हणायच्या, मग तुम्ही झोपता कुठं? कापसाच्या कडेला झोपतो, दुसरं काय. भाव येईपर्यंत समोरची खोली पार आढ्यापर्यंत पांढरी होते, दार उघडलं की ढीग हळूच पुढं सरकतो, आणि अंगाला जी खाज सुटते ती होळीपर्यंत सुटलेलीच. पण खाजेचं काही नाही. कापूस भरलेल्या घरात आवाज मरतो, हे खरं. बाबांनी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ती ढिगाच्या आतून आल्यासारखी यायची. मग मी दोन क्षण ढिगाकडंच बघायची. माय होती तोवर हे कधी जाणवलं नाही, कारण ती सारखी बोलायची. भाजीशी बोलायची, म्हशीशी बोलायची, कोणी नसलं तर चुलीला शिव्या द्यायची.

त्या साली श्रावणात माय गेली. तापाचं निमित्त झालं, आणि बुलडाण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. तेरावं झालं, पाहुणे पांगले, घरात मी आणि बाबा उरलो. त्यानंतर आला तो कापूस, आणि कापसात आली ती गुलाबी बोंडअळी.

माझा लॅपटॉप त्याच पावसाळ्यात लाइनच्या झटक्यानं जळला होता. माझा प्रकल्प होता पसरण्याच्या गणितावर. एखादी गोष्ट एका ठिकाणाहून चहूकडं कशी पसरते? उष्णता, वास, रोग, अफवा, सगळ्यांचं समीकरण जवळपास एकच असतं. पण त्याला लागणारं सॉफ्टवेअर मोठ्या कम्प्युटरवर चालणारं. पुण्याला कॉलेजातल्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, मोबाईलवर कुठं होतं का हे? तुम्ही परत या, इथं लॅब आहे ना." बाबांना त्या पांढऱ्या खोलीत एकटं टाकून मी कशी जाणार, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला कोणत्या भाषेत सांगायचं? सांगितलं नाही. इरेला पेटले मात्र.

आधी फोनमध्ये काळी खिडकी उघडणारं एक ॲप घेतलं. त्या खिडकीत आज्ञा लिहीत गेलं की तिच्या पोटात लिनक्स उतरतं, पुरतं लिनक्स, मोठ्या कम्प्युटरवर असतं तसं. मग त्याच्या पोटात गणिताचं सॉफ्टवेअर. मग त्या सॉफ्टवेअरचा पडदा बघता यावा म्हणून आणखी एक ॲप. रेंज फक्त शेतातल्या विहिरीजवळ यायची, म्हणून मी दुपारभर थारोळ्यावर, म्हणजे जुन्या मोटेच्या दगडी कुंडाच्या काठावर, बसून ते थेंबाथेंबानं उतरवून घेतलं. शेवटी एकदा तळहाताएवढ्या काचेवर अख्ख्या टेबलाचा पसारा उमटला. अक्षरं खसखशीएवढी, बाण मुंगीएवढा. एका मेनूवर बोट ठेवलं की शेजारचे दोन उघडायचे. मला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावं म्हणून मी मागं वळले, आणि मागं नुसती कापसाची पऱ्हाटी उभी होती.

संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय होय?"

"कम्प्युटर हाय बाबा. फोनाच्या आत."

"त्याले माहीत हाय का, का आपण फोनात हाओ म्हणून?"

"नाही. त्याले वाटते, आपण मोठ्या टेबलावरच हाओ."

बाबांनी फोन माझ्या हातात परत दिला. "मंग नको सांगू त्याले," म्हणाले आणि उठून म्हशीकडं गेले.

मी हसले होते तेव्हा. पण पुढं त्या फोनाशी दिवसदिवस काढल्यावर हसू ओसरलं. आतलं लिनक्स जागा मागायचं, फोन त्याला आपल्या मर्जीनं देईल तेवढी देणार. आणि फोनाला स्वतःला जड झालं की तो आतल्याला काही न विचारता मारून टाकायचा. अर्धी दुपार चाललेलं गणित, आणि काळ्या खिडकीत इंग्रजीत एकच शब्द: मारलं. कोणी, कशासाठी, काही नाही. तोही शब्द बाहेरच्यानं लिहिलेला असतो. आतल्याला तर कळतही नसणार. काच विझू द्यायची नाही, म्हणून मी सारखी बोट फिरवत राहायची. फोन तापायचा, तापातल्या माणसाच्या कपाळासारखा. "कापसाजवळ ठेवू नको वो बाई, पेटन," असं बाबा ओरडायचे, म्हणून तो मी माठाच्या ओल्या बुडाशी ठेवायची. चार्जिंगला लावला की मुंगीएवढा बाण आपोआप सरकायला लागायचा. चार्जर हलका, घराला अर्थिंग नाही, त्यामुळं होतं तसं. हे कारण मी स्वतःला मोठ्यानं सांगायची, आणि तो बाण चित्राच्या कडेकडं, कडेकडं जात राहायचा.

आता अळीचं. गुलाबी अळीनं धरलेलं फूल उमलत नाही. पाकळ्या एकमेकीत पिळून, टोकाशी चिकटून मिटलेल्या राहतात. तिला डोमकळी म्हणतात. लांबून बघाल तर फूल आहे, जवळून बघाल तर कोणीतरी आतून दार लावून घेतलेलं. बोंडाचं त्याहून वाईट. बाहेरून हिरवंगार, टणक, हातात घेतलं की समाधान वाटावं असं. फोडलं की आत काळी पडलेली सरकी आणि त्यात वळवळणारी ती, लहान मुलीच्या रिबिनीच्या रंगाची. हे बीटीचं बियाणं अळी मरावी म्हणूनच घेतलेलं. पानापानांत विष घेऊन उभं राहणारं झाड, आणि त्या विषाची सवय होऊन त्याच्या पोटात सुखानं राहणारी अळी. मला त्या हंगामात बोंड फोडायचं म्हटलं की आधी डोळे मिटावेसे वाटायचे.

बांधापलीकडचं शेत रहीमचाचांचं. बाबांचे लहानपणापासूनचे सोबती. दोघांची विहीर सामाईक, भांडणंही सामाईक. पौष लागला तसे ते रोज बांधावर येऊन उभे राहायचे.

"भाऊ, उपटून टाका आता. हे उभं राह्यलं तं पुढच्या साली आपल्या दोघाइच्याही वावरात काही राहणार नाही."

"तुमी उपटा ना आधी."

"माह्यं उपटून का फायदा, तुमचं उभं असन तं?"

"मले फरदड घ्याची हाय," असं म्हणून बाबा पाठ फिरवायचे. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी ठेवायची, पाणी द्यायचं आणि आणखी एखादा वेचा काढायचा. पण त्या पऱ्हाटीत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं हे बाबांना माझ्याहून जास्त कळत होतं. ते फरदडीसाठी अडले नव्हते. ते शेत मायनं पेरलेलं शेवटचं शेत होतं. हे ते बोलत नव्हते, मी बोलत नव्हते, आणि अळी काही कोणाची वाट पाहत थांबली नव्हती.

मला वाटलं, बाबांना आकडे दाखवावेत. तोंडानं सांगून ऐकणाऱ्यांतले ते नव्हेत, पण चित्र बघतील. सकाळी धुकं हटलं की मी एकेक तास सोडून शेतात फिरायची, म्हणजे एक ओळ घ्यायची, एक सोडायची. ठरावीक अंतरावर बोंडं फोडायची, किडकी किती ते फोनात टाकायची. दुपारी माठाशी बसून सॉफ्टवेअरला सांगायची, की मी न पाहिलेल्या जागी काय असेल ते आता तू काढ. गणित हे करतं. माहीत असलेल्या दोन ठिकाणांच्या मधलं ते अंदाजानं भरतं, आणि मग उलटं मागं जाऊन सांगतं की हे पसरायला सुरुवात कुठून झाली असावी.

माझी खात्री होती की सुरुवात कडेनं झाली असणार. अळी बाहेरून येते, कडेनं शिरते. पण चित्र आलं ते भलतंच. कडा फिकट, आणि शेताच्या मधोमध लाल ठिपके, विखुरलेले, जणू कोणी मूठभर काही टाकत गेलं होतं. मला वाटलं माझंच कुठं चुकलं. आकडे तपासले, पुन्हा चालवलं. फोनानं दोनदा मारलं, तिसऱ्यांदा पुरं झालं. तेच ठिपके. पहिल्यात आणि यात केसाचाही फरक नव्हता. आणि सगळ्यात लाल ठिपके होते ते मी सोडलेल्या ओळींत, जिथं मी एकही बोंड फोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन हातात घेऊन मी शेतात शिरले. वारा नव्हता. पाखरू नव्हतं. पऱ्हाटी माझ्या खांद्याला लागत होती आणि ओढणी धरून ठेवत होती. पहिल्या ठिपक्याशी पोचले आणि थांबले. तिथलं झाड वेगळं होतं. जरा ठेंगणं, पानं जरा निराळ्या हिरव्या रंगाची, आणि त्यावर एकही उमललेलं फूल नाही, सगळ्या डोमकळ्या. आजूबाजूची झाडं तशी नव्हती. दुसऱ्या ठिपक्याशी गेले, तसंच झाड. तिसऱ्याशी तसंच. मी आकड्यांत रमणारी बाई, भूतबित मानत नाही, पण चौथ्या ठिपक्याकडं मी गेले नाही. हे फोनातल्या त्या आंधळ्याला कसं दिसलं? मी हाक मारली, "बाबा." कापसातून मारलेली हाक किती जाते कोणास ठाऊक, पण ते आले.

त्यांनी झाडाकडं पाहिलं, मग फोनाकडं. खाली बसले. झाडाच्या बुंध्याशी बोटानं माती उकरल्यासारखी केली.

"हे तुह्या मायनं लावले," म्हणाले. "नांग्या भरल्या तिनं."

पेरल्यावर काही बी उगवत नाही, ओळीत मोकळ्या जागा राहतात, त्या नांग्या. तिथं पुन्हा बी टोचायचं, त्याला नांग्या भरणं म्हणतात. आणि बीटीच्या पाकिटासोबत तेव्हा एक छोटं पाकीट यायचं, साध्या बियांचं. नियम असा की ते साधं बी शेताच्या कडेकडेनं लावायचं, म्हणजे अळीला बिनविषाचं खायला मिळेल आणि तिला विषाची सवय लागणार नाही. अळीला जेवायला वाढायचं, असा तो नियम. तालुक्यात कोण पाळत होतं? निम्मे लोक ते पाकीट उकिरड्यावर टाकायचे. माय कसलं काही टाकणाऱ्यातली नव्हती. "बियाणं फेकते का कोणी? सटवी बसन तुमच्या मानगुटीवर," असं बाबांना सुनावून तिनं ते ओटीत घेतलं आणि आषाढात गुडघा धरत धरत साऱ्या नांग्या त्यानं भरल्या. त्या साध्या झाडांना अळीनं आधी धरलं, आणि तिथून रंग पसरत गेला.

बाबांनी फोन मागून घेतला. त्यांना आता ते चित्र वाचता येत होतं, माझ्याहून नीट. बोट न लावता, काचेच्या वरून वरून बोट फिरवत ते सांगायला लागले. "हे विहिरीपासून सुरू केलं तिनं. इथं निंबाची सावली हाय, इथं बसली. इथून पुढं गुडघा दुखत होता तं आडवीच गेली." ठिपके तसेच होते, दाट, मग विरळ, मग तिरके. आणि शेताच्या खालच्या कोपऱ्यात चित्र एकदम कोरं होतं. मी विचारलं, इथं का नाही? बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी परकी होते. "तिथं म्हसोबा हाय ना बाई. बायामाणसं जातात का तिथं?" फोनाला म्हसोबा माहीत नव्हता. मी तो कुठंच टाकला नव्हता. मला एकाएकी झाडांतून बाहेर पडावंसं वाटलं, पण बाबा बसूनच होते, त्यांना सोडून कशी जाऊ.

"म्हंजे तिनं आणली का अळी?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. अळी साऱ्या जिल्ह्यात हाय. या झाडाइवर पहिले दिसली, एवढंच."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बाकी सारी पऱ्हाटी उपटू. उद्यापासून. हे तेवढे ठेवू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. जी झाडं सगळ्यात आधी जायला हवीत तीच मी त्यांना शोधून दिली होती. मी सांगून पाहिलं, की बाबा, उलटं आहे, अळीचं घर हेच आहे, बाकीची राहिली तरी चालतील पण ही नकोत. ते ऐकत नव्हते. ते त्या बुटक्या झाडांशेजारी उकिडवे बसले होते आणि एकेक डोमकळी बोटांनी उघडून बघत होते. मला त्यांचा राग आला. आणि मला रडूही आलं, दोन्ही एकदम. मी किती खुळी, मला वाटलं होतं त्यांना नुसतं गणित पटायचं राहिलं आहे.

बांधावर रहीमचाचा उभे होते. कधीचे उभे होते माहीत नाही. ते आत आले, बाबांच्या हातातला फोन पाहिला आणि चुकून बोट लावलं. चित्र सरकलं. बांधाच्या पलीकडचा भाग काचेवर आला, आणि तिथंही लाल होतं.

"हे काय होय बेटा?"

"ते खोटं हाय चाचा," मी म्हटलं. "तिथले आकडे मी घेतलेच नाहीत. कुंपण सांगितलं नाही तं गणित असंच बाहेर वाहत जाते. मी रोज कापून टाकते तेवढं."

रहीमचाचांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"खोटं नाही बेटा. भाभीच्या ओटीत बी उरलं होतं. मले म्हणे, तुमच्याही नांग्या भरून देतो, कायले वाया घालवता. माह्याही वावरात तिच्याच हातचे झाडं हायेत." मग बाबांकडं वळून म्हणाले, "भाऊ, मी रोज तुमाले उपटा म्हणतो. पन माह्यं मलेच उपटू वाटलं नाही."

बाबांनी वर पाहिलं. पौषातलं ऊन होतं, चावणारं नव्हे, नुसतं पिवळं. दोघं म्हातारे एकमेकांकडं पाहत बसले, आणि मला तिथून उठून जावं असं वाटलं, जसं मोठी माणसं रडायला लागली की पोरांना वाटतं.

"आपल्या हातानं होत नसन," रहीमचाचा म्हणाले, "तं मी तुमच्यातले काढतो. तुमी माह्यातले काढा."

आमच्याकडं दावणीचा म्हातारा बैल मेला की धनी त्याला उचलत नाही, शेजारी उचलतात. त्यावर कोणी कधी चर्चा करत नाही. बाबा उठले. धोतराची माती झटकली आणि बांध ओलांडून पलीकडं गेले. रहीमचाचा आमच्या शेतात राहिले.

मी बांधावर बसले. फोनाची काच विझू नये म्हणून बोट फिरवत राहिले आणि ठिकाणं सांगत गेले. इकडं रहीमचाचांना, तिकडं बाबांना. पलीकडचं मी भीत भीतच सांगत होते, कारण ते नुसतं वाहून गेलेलं गणित होतं, त्याखाली एकही बोंड नव्हतं. "बोरीच्या अलीकडं असन, बाबा." थोडा वेळ काही नाही. मग पऱ्हाटी हलायची, आणि मुळं तुटल्याचा आवाज यायचा. दर वेळी झाड तिथं सापडत होतं, कधी हातभर इकडं, कधी हातभर तिकडं. मी एकेका ठिपक्यावर बोट ठेवून तो पुसत होते. पऱ्हाटी उपटायचा लोखंडी चिमटा दोघांनीही घेतला नव्हता, हातानंच उपटत होते. रहीमचाचा प्रत्येक झाड काढल्यावर काहीतरी पुटपुटायचे. बाबांचा आवाज नव्हता.

ऊन उतरलं तसा शेवटचा ठिपका गेला. चित्र पांढरं झालं, इकडचंही आणि तिकडचंही. रहीमचाचा हात झटकत बांधावर येऊन बसले. बाबा अजून पलीकडं, पऱ्हाटीत कमरेपर्यंत बुडालेले, माझ्याकडं तोंड करून उभे होते.

"अजून कुठं?" त्यांनी विचारलं.

"झालं बाबा. संपलं."

ते हलले नाहीत.

"नीट पाह्य ना बाई," ते म्हणाले. "एखादं राह्यलं असन."